पुरुषसत्तेवर घरात आणि गावात बोलायचं कसं: आधी तयारी, मग तोंड उघडायचं

या विषयावरची चर्चा आपल्याकडे बहुतेक तिसऱ्या वाक्यालाच बंद पडते. पोरगी जळगावहून कॉलेज करून येते, जेवताना म्हणते "पप्पा तुम्ही पुरुषसत्ताक आहात", पप्पा म्हणतात "फी कोण भरतं मग", आई म्हणते "जेवा गुपचूप", झालं. पोरीचा मुद्दा खोटा नसतो, पण तिने जे सगळ्यात शेवटी बोलायचं ते सगळ्यात आधी बोललेलं असतं. मुलं, शिक्षक, बचत गटाच्या ताया, सगळ्यांचं इथेच अडतं म्हणून क्रमाने लिहितेय. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे आहेत, तरी ते टाळून पुढे उडी मारू नका.

टप्पा १: आधी स्वतःला कळलंय का ते बघा

पुरुषसत्ता म्हणजे घर, शेत, भावकी, बाजार आणि सरकारी कागद यांची अशी मांडणी की मालकी, वारसा आणि शेवटचा शब्द फिरून फिरून पुरुषाकडेच जातो, आणि बाईचं काम, तिचं जाणं-येणं, तिचं लग्न, तिला किती मुलं व्हावीत हे त्या मांडणीच्या सोयीनं ठरतं. ती चालवायला पुरुष घरात हजर असावाच लागतो असं काही नाही. नवरा सुरतला कामाला, घरी सासू-सून दोघीच, तरी सुनेनं माहेरी किती दिवस राहायचं ते फोनवर विचारूनच ठरतं, आणि विचारायला लावते ती सासू.

विषमता म्हणजे या मांडणीचा मोजता येणारा परिणाम. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या, राज्यात ८९४. हे काही एका दुष्ट माणसानं केलेलं काम नाही, त्यात सोनोग्राफीवाला आला, सासू आली, नवरा आला, "शेत कोण बघेल" म्हणणारी भावकी आली, आणि गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ पासून असूनही हे झालं. आता गावोगाव पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून जी रड चालते ती याच आकड्याची पुढची ओळ आहे.

अजून एक गोष्ट, सगळ्या बायकांना ही मांडणी सारखीच लागत नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या सुनेची तक्रार असते की बाहेर पडू देत नाहीत, आणि तिच्याच शेतात कापूस वेचणाऱ्या मजूर बाईची तक्रार असते की एक दिवस घरी बसायला मिळत नाही. जात आणि जमीन बाजूला ठेवून बोललात तर दोघींपैकी एक तरी उठून जाईल.

तपासा: "पुरुषसत्ता" हा शब्द न वापरता तुमच्या मावशीला दोन वाक्यात हे सांगता येतंय का? नसेल येत तर अजून कोणाशी बोलू नका.

टप्पा २: स्वतःच्या घराची यादी काढा, कागदावर

वहीचं एक पान घ्या, चार रकाने पाडा: काम, पैसा, नाव, शेवटचा शब्द.

*काम.* एका दिवसाचं घड्याळ लिहा, एक घरातल्या बाईचं, एक पुरुषाचं, आणि तेही सुगीतल्या दिवसाचं लिहा, रविवारचं नको. कापसाच्या दिवसात बाई पाचच्या आधी उठते, नळाला पाणी येणार असेल तर अजून आधी, कारण आपल्या अर्ध्या गावांना नळ रोज येतच नाही. मग भांडी भरणं, डबे बांधणं, पोरांचं आवरणं, आठला रिक्षात दाटीवाटीनं बसून शेतावर, संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून झाला की परत घरी चूल. पुरुषाचं घड्याळही प्रामाणिकपणे लिहा हं, रात्रीची लाईट असली की थंडीत मोटर चालू करायला तोच जातो, साप-विंचू त्याच्याच पायाखाली असतो. ते लिहिलं नाही तर तुमची यादी कोणी वाचणारच नाही.

हे फक्त तुमच्या घरचं आहे असं वाटू नये म्हणून एक आकडा जवळ ठेवा. २०१९च्या सरकारी वेळ वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणारे पुरुष निघाले २६ टक्के, बाया ८१ टक्के. जे करतात त्यांचा वेळही पुरुषांचा दिवसाला सरासरी ९७ मिनिटं आणि बायांचा २९९ मिनिटं.

*पैसा.* कमावतो कोण हे वेगळं लिहा आणि खर्चतो कोण हे वेगळं. कापूस बाईनं वेचला, व्यापाऱ्याची पट्टी कोणाच्या नावानं फाटली? केळीचा व्यापारी बागेत आला तर भावाचं कोणाशी बोलतो? बाईच्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात असतं?

*नाव.* सातबारा, आठ-अ, घरपट्टी, गॅस, गाडी, मुलांचे दाखले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम राज्यानं केलाय, पण शेताच्या कागदावर आई कुठेय ते बघा. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांची होती. निंदणी कोण करतं, वेचणी कोण करतं, ते तर आपण रोजच बघतो.

*शेवटचा शब्द.* इथे "आम्ही मिळून ठरवतो" असं लिहायचं नाही. मागच्या दोन-तीन मोठ्या गोष्टी घ्या, बोअर, ट्रॅक्टर, पोरीचं ॲडमिशन, कोणाचं लग्न. पहिल्यांदा कोण बोललं, कोणाला नंतर सांगितलं, आणि कोणी नाही म्हटलं असतं तर थांबलं असतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विचारतात सगळ्यांनाच, थांबतात ठराविक माणसासाठीच.

सावधान: यादी काढताना आपण स्वतः कोणत्या रकान्यात फायद्यात आहोत तेही लिहा. मुलगा असाल तर सोपंय. मोठी जाऊ किंवा नोकरीवाली नणंद असाल तर जरा टोचेल, पण लिहा.

टप्पा ३: एकच विषय निवडा

चार रकाने भरले की माणसाला सगळं एकदम बोलायची खाज येते. हुंडा, पाळी, शबरीमला, टीव्हीवरची मालिका, सगळं एकाच बैठकीत, आणि मग काहीच होत नाही. यादीतली एकच ओळ घ्या, आणि अशी घ्या की जिचं उत्तर महिन्याभरात बदलू शकतं. मी साधारण हा चढ धरते: आधी ताटं कोण उचलतं आणि सगळ्यात शेवटी कोण जेवतं, मग पासबुक-एटीएम, मग मुलीचं बारावीनंतर एसटीनं तालुक्याला जाणं, मग लग्नाचं वय, मग सातबाऱ्यावर बायकोचं नाव, आणि सगळ्यात वर बहिणीचा वाटा. वाट्यापासून सुरुवात केली तर खालच्या पायऱ्याही हातच्या जातात.

विषय त्या घरचाच पाहिजे. धुळ्याच्या कॉलनीत हुंड्यावर बोलणं बरोबर, पण तेच भाषण घेऊन धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर गेलात तर लोक तोंडाकडे बघतील, कारण भिल्ल-पावरा समाजात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. तिथे विषमता नाही असं अजिबात नाही, देजाची रक्कम कोण ठरवतं आणि मुलगी नवऱ्याला सोडून आली तर ती रक्कम परत कोणी करायची, असे प्रश्न आहेतच. पण ते प्रश्न तिथल्या बायकांना विचारा, आपले घेऊन जाऊ नका.

टप्पा ४: माणूस, जागा, वेळ

पहिल्यांदा बोलायचं ते सगळ्यात कट्टर माणसाशी नाही. काठावरच्या माणसाशी बोला, म्हणजे जो गप्प बसतो, हसून सोडून देतो तो. लहान दीर, मामा, बहिणीचा नवरा, रिटायर झालेले काका (रिटायर झाल्यावर चहा कसा करायचा हे विचारायला लागलेले काका तर फारच कामाचे).

जागा अशी पाहिजे की हात कामात असतील. शेंगा फोडताना, कापूस निवडताना, मोटरसायकलवर मागे बसून. समोरासमोर खुर्च्या टाकल्या की पंचायत बसल्यासारखं होतं. थंडीतली भरीत पार्टी ही तर चालून आलेली संधी. शेतात पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) पेटवून वांगी भाजणारे, ती सोलणारे, लाकडी बडगीत ठेचणारे, कांद्याची पात चिरणारे, पन्नास माणसांच्या पुऱ्या तळणारे सगळे पुरुष, आणि भरीत एकदम फर्मास! तिथे सहज विचारता येतं की दादा एवढं सगळं येतं तुम्हाला तर घरी गुरुवारी संध्याकाळी का येत नाही. हसत विचारा, उत्तराची घाई करू नका, तो प्रश्न त्याच्या डोक्यात घरी जातो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलू का असं बरेच विचारतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, गौराईची गाणी, तिकडे पुरुषांचे पत्ते रंगलेले, म्हणजे विषय समोर मांडलेलाच आहे. पण त्या दिवशी बायकांमध्येच बोला. पत्त्याच्या डावातून उठवून कोणाला समता शिकवायला जाऊ नका, आणि जावई घरात असताना तर नकोच, जावयासमोर कोणताच सासरा काही कबूल करत नाही.

थांबा: ज्या घरात मारहाण आहे, किंवा बाईला बोलायची भीती वाटते, तिथे हा लेख वापरायचा नाही. "जरा समजावून सांग त्याला" असा सल्ला दिला तर रात्री मार तिलाच बसतो. तिथे आधी तिची सुरक्षितता. महिलांसाठी १८१, तातडीचं असेल तर ११२, अल्पवयीन मुलीचं लग्न ठरत असेल तर १०९८. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तिथपर्यंत तिच्या मर्जीने, तिच्यासोबत जा.

टप्पा ५: पहिलं वाक्य

पहिलं वाक्य प्रश्न असावा, आणि खरा प्रश्न असावा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा. "तुम्हाला बायकांची किंमत आहे का?" हा प्रश्न नाही, तो टोमणा आहे. असे चालतात:

"आप्पा, बोअरचं ठरलं तेव्हा मायला कधी सांगितलं होतं?"

"वहिनी, वेचणीचे पैसे यंदा कोणाच्या हातात आले?"

"आपल्या सातबाऱ्यावर आजीचं नाव कधी लागलं होतं का? मग कमी कसं झालं?"

विचारलं की गप्प बसा. हीच सगळ्यात मोठी चूक, प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. आप्पा पहिल्यांदा काहीतरी थातूरमातूर बोलतील, मग थोड्या वेळानं खरं बोलतील, तेवढा वेळ शेंगा फोडत बसायचं. बऱ्याचदा उत्तर आप्पांऐवजी आतल्या खोलीतून येतं.

तपासा: पाच मिनिटांनी जास्त कोण बोललं? तुम्ही असाल तर आज थांबा.

टप्पा ६: ठरलेली उत्तरं येणार, त्यांची तयारी

"आमना घरमा असं काही नही शे." हे पहिलं येतं. वाद घालू नका, टप्पा दोनमधला एकच प्रसंग विचारा. सगळं घर समतेचं आहे का हा वाद कधी संपत नाही, पण ट्रॅक्टर कोणी ठरवला हे सगळ्यांना माहीत असतं.

"बाईच बाईची वैरीण, सासूच छळते." यात खरं आहे, ते आधी कबूल करा. मग विचारा सासूला ताकद कशामुळे आली, तिच्या नावावर शेत आहे का? नाही, तिला मुलगा आहे. या मांडणीत बाईला उतारवयात थोडा अधिकार मिळतो तोही मुलाकडून मिळतो, म्हणून ती मुलगा हातचा जाऊ नये म्हणून सुनेला दाबते. डेनिझ कँडियोटी या अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेला सौदा म्हटलंय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काही ना काही कारणानं नवऱ्यानं बायकोला मारलं तर योग्यच असं म्हणणाऱ्या बायका साधारण ४५ टक्के निघाल्या आणि पुरुष ४४ टक्के. म्हणजे बायकांना विषय पाठ असतो असं धरून चालू नका.

"पुरुषांचं काय, कर्ज आम्ही डोक्यावर घेतो." हे उत्तर झटकू नका, इथेच चर्चा खरी उघडते. देशात दर दहा आत्महत्यांमध्ये साधारण सात पुरुषांच्या असतात. कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर, सावकाराला तोंड तोच देणार, रडायची सोय नाही, बायकोला आकडा सांगायचा नाही. विचारा, की आकडा सांगितला असता तर? मालकी एकट्याची ठेवली की ओझंही एकट्याचंच राहतं, हे पुरुषांना आकड्यांपेक्षा लवकर पटतं.

"आता सगळं बायकांनाच, एसटी अर्ध्या तिकिटात, लाडकी बहीणचे दीड हजार." चिडू नका. एवढंच विचारा की ते दीड हजार गेल्या महिन्यात कुठे खर्च झाले आणि काढायला बँकेत कोण गेलं होतं.

"ताकदीचं काम पुरुषच करतो." डोक्यावर पाण्याचे हंडे आणि कापसाचं गाठोडं कोण नेतं एवढं विचारलं तरी पुरतं.

टप्पा ७: बहिणीचा वाटा, हा वेगळाच घाट आहे

इथे भावनेनं बोलायच्या आधी कायदा पाठ पाहिजे, कारण अर्धवट माहितीनं माणूस तोंडावर पडतो.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं ही सुधारणा १९९४ मध्ये केली होती, देशभर ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, आणि त्या तारखेला वडील जिवंत पाहिजेत असं काही नाही हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात साफ केलं. लग्न झालेल्या मुलीलाही लागू. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती उघडत नाही. वडिलांची स्वकमाई असेल तर ते मृत्युपत्रानं कोणालाही देऊ शकतात, मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, पत्नी, आई सगळे सारखे वारस. हा हिंदू वारसा कायदा आहे, मुस्लिम घरांचे नियम वेगळे, आणि अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, म्हणून सातपुड्याच्या पट्ट्यात सरसकट "कायद्यानं अर्धा वाटा" असं सांगत फिरू नका.

आता बोलायचा क्रम. आधी बहिणीशी एकटीशी बोला, तिला काय पाहिजे ते तिलाच विचारा. पुष्कळ बहिणी म्हणतात जमीन नको पण माहेर तुटायला नको, आणि हे शंभर टक्के खरं दुखणं आहे, कारण सासरी बिनसलं तर जायला दुसरी जागा नसते. तिला "तू घाबरट" म्हणू नका. मग भावाशी बोला, आणि "वाटा दे" असं न म्हणता हक्कसोडचा, म्हणजे बहिणी आपला वाटा सोडल्याची सही करतात त्या कागदाचा, विषय काढा. वडील गेले, दहाव्या-तेराव्याच्या गर्दीतच कोणीतरी म्हणतं की सगळ्या बहिणी आल्याच आहेत तर सह्या उरकून घेऊ. रडून डोळे सुजलेल्या बाईला गाडीत घालून रजिस्ट्री ऑफिसला नेतात, कागद कोणी वाचून दाखवत नाही, परत आल्यावर साडी-चोळी. एवढं एकच ठरवून घ्या की सुतकाच्या दिवसात कोणाचीही सही घ्यायची नाही, कागद आधी घरी वाचायचा, मग महिन्या-दोन महिन्यांनी काय ते. याला नाही म्हणणारा भाऊ विरळा, आणि जो नाही म्हणतो त्याचं पुढचं सगळं कळून जातं.

वारस नोंद मात्र थांबवायची नसते. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यांच्याकडे अर्ज करताना सगळ्या बहिणींची नावं आहेत ना ते बघा. नाव लागणं म्हणजे वाटणी झाली असं नाही, हे भावालाही समजावून सांगा, निम्मी भीती तिथेच जाते.

बायकोचं नाव लावणं त्यामानानं सोपंय. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा स्वतःच्या हयातीत बायकोला सातबाऱ्यावर सहहिस्सेदार करू शकतो, त्यानं अर्ज करायचा एवढंच.

टप्पा ८: गटात, गावात बोलताना

आधी बायका वेगळ्या बसवा, पुरुष वेगळे, मग एकत्र. थेट एकत्र बसवलं की बायका पदर सावरत माना डोलावतात. दोन्ही गटांना दिवसाचं घड्याळ काढायला लावा आणि भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवा, तुम्ही काही बोलू नका, लोक स्वतःच बोलायला लागतात.

गावपातळीवर महिलांची वेगळी सभा नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी घ्यावी असा कायदाच आहे, पण ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरतं. ती खरंच घ्या. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी खुर्चीवर सरपंचपती बसलेले असतात. त्यांचा अपमान करू नका, फक्त प्रत्येक प्रश्न ताईंचं नाव घेऊन, ताईंकडे बघून विचारा. आणि चर्चा ठरावापर्यंत न्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्या-कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावाची प्रत मागून घ्या.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढूच नका. तिथे काठावरचा माणूस गप्प बसतो आणि कट्टर माणूस पन्नास फॉरवर्ड टाकतो.

टप्पा ९: ठरलेलं टिकतंय का ते बघा

बोलणं झालं की एकच गोष्ट ठरवून, कोण करणार आणि कधीपासून ते ठरवा. "मदत करीन" हे ठरलेलं धरू नका. "सोमवार-गुरुवार रात्रीची भांडी मी" हे ठरलेलं. महिन्यानं बघा, आणि आपण न बघता आईला विचारा, कारण भांडी घासून ओटा तिच्यासाठी तसाच ठेवलेला असतो.

टिकलं तर टप्पा तीनच्या चढावरची पुढची पायरी घ्या. नाही टिकलं तर भाषण वाढवू नका, मागे जाऊन बघा: माणूस चुकला असेल तर टप्पा चार, विषय फार मोठा घेतला असेल तर टप्पा तीन. आणि घरातल्या बाईनेच "राहू दे, मीच करते" म्हणून भांडी हातातून काढून घेतली असतील तर आता बसायचं तिच्याजवळ, आणि विचारायचं की त्यानं भांडी घासली तर लोक काय म्हणतील अशी भीती वाटते की ओट्यावरचा एवढा तरी हक्क जाईल अशी.